आधी विचारा, मग किल्ली काढा

जालन्याचा मस्तगड म्हणजे शहराच्या वस्तीतली गढी. निजाम-उल-मुल्क आसफजाह याच्या हुकमावरून काबिल खानाने १७२५ मध्ये जालन्याचा किल्ला आणि ही गढी बांधली. गॅझेटियरमध्ये तिच्याबद्दल दोन गोष्टी आवर्जून नोंदल्या आहेत. एक म्हणजे आतली सज्जे आणि दालने असलेली मोठी विहीर, आणि दुसरी म्हणजे गढीत थाटलेली नगरपालिकेची कार्यालये. जिथे पूर्वी शिबंदी बसे, तिथे पुढे शहराच्या कारभाराची दप्तरे आली. २०२३ मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली. शहराचा कारभार जिथून चालतो असे एखादे कार्यालय डोळ्यांसमोर ठेवले, की या प्रकरणाचा विषय चटकन कळतो.

समजा, अशा कार्यालयाच्या अखत्यारीत साठ संगणक आहेत. काही मुख्य इमारतीत, काही प्रभाग कार्यालयांत, एखादा दवाखान्यात, एखादा पंपहाऊसवर. दिवसभराच्या नोंदींचा बॅकअप झाला की नाही, हे रोज रात्री या साठही यंत्रांवर पाहायचे आहे. साठ ठिकाणी माणूस पाठवणे शक्य नाही, म्हणून संगणक विभागातले कोणी तरी स्क्रिप्ट लिहिते. स्क्रिप्ट म्हणजे एकापाठोपाठ लिहून ठेवलेल्या आज्ञांची फाइल. यंत्र ती वाचते आणि माणूस हजर नसताना कामे उरकते. पहिल्या संगणकात शिर, बॅकअपची तारीख वाच, बाहेर ये, दुसऱ्याकडे जा. कागदावर हे काम दहा ओळींचे आहे.

खरी अडचण ‘शिर’ या एका शब्दात आहे. साठ यंत्रे एका दिवशी, एका निविदेत घेतलेली नसतात. कुठे जुने विंडोज, कुठे नवे, सर्व्हरवर लिनक्स, हजेरीच्या यंत्रात उत्पादकाने घातलेली आणखी तिसरीच प्रणाली. कुठे पासवर्ड चालतो, कुठे फक्त डिजिटल किल्ली चालते, कुठे मध्यवर्ती सर्व्हरकडून तिकीट आणावे लागते, कुठे मोबाइलवर आलेला ओटीपीही द्यावा लागतो. माणूस दारात उभा असेल तर पडद्यावर काय मागितले आहे ते वाचून तो तसे वागतो. स्क्रिप्टला डोळे नसतात. ‘पासवर्ड टाका’ असा प्रश्न समोर आला, की ती उत्तराची वाट पाहत तिथेच थांबते. सकाळी येऊन पाहावे तर रात्रभरात दोनच संगणक झालेले, तिसऱ्यावर कर्सर लुकलुकतोय आणि उरलेल्या सत्तावन्न यंत्रांकडे कोणी फिरकलेलेही नाही.

यावर बहुतेक ठिकाणी दोन उपाय केले जातात, आणि माझ्या मते दोन्ही घातक आहेत. पहिला उपाय म्हणजे सगळ्या यंत्रांना एकच पासवर्ड देऊन तो स्क्रिप्टच्या फाइलीत उघडा लिहून ठेवणे. ती फाइल ज्याच्या हाती लागली, त्याच्या हाती साठही यंत्रे लागली. दुसरा उपाय म्हणजे एकामागून एक सगळे प्रकार लावून पाहणे. आधी किल्ली, नाही चालली तर दुसरी किल्ली, नाही तर पासवर्ड. याने यंत्रे संशयाने दार लावून घेतात, आणि ते कसे हे पुढे येईलच. तिसरा उपाय सरळ आहे आणि बहुतेक वेळा तो कुणी करत नाही: आत शिरण्याआधी यंत्राला विचारायचे, ‘तू कोणकोणते पुरावे मानतोस?’

असे विचारण्याची सोय मुळातच करून ठेवलेली आहे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणी तरी चोरून कान लावून बसले आणि तारेतून उघडे जाणारे पासवर्ड टिपून घेऊ लागले. तिथल्या तातू इलोनेन या संशोधकाने त्यावर सिक्युअर शेल, म्हणजे एसएसएच, ही पद्धत लिहिली. दूरच्या संगणकात शिरायचे, पण सगळे संभाषण कुलूपबंद करून. त्या काळी फाइल पाठवण्यासाठी पोर्ट क्रमांक २१ होता आणि दूरच्या लॉगिनसाठी टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता. इलोनेनने तो क्रमांक मागितला आणि त्याला तो मिळालाही. आज जगभरचे सर्व्हर सांभाळणारे लोक दिवसभर याच बाविसाव्या दाराने ये-जा करतात. जानेवारी २००६ मध्ये या पद्धतीचे नियम आरएफसी ४२५१ ते ४२५४ या दस्तऐवजांत प्रमाणित झाले. त्यातला ४२५२ आपल्या कामाचा. ओळख पटवण्याचे सगळे नियम त्याच दस्तऐवजात आहेत.

आता एकच जोडणी जवळून पाहू. आपले यंत्र समोरच्या यंत्राशी संपर्क करते. दोघे आपापली आवृत्ती सांगतात. मग कुलूपबंद संभाषणासाठी सामाईक गुपित ठरते, आणि याच वेळी समोरचे यंत्र स्वतःची ओळखही देते. त्यानंतर आपले यंत्र म्हणते, ‘अमुक नावाने आत यायचे आहे, पुरावा: नन.’ नन म्हणजे काहीच नाही. आपण मुद्दाम रिकाम्या हाताने जातो. समोरचे यंत्र अर्थातच नकार देते, पण नियमाप्रमाणे त्या नकारासोबत त्याला यादी द्यावी लागते: पुढे कोणते मार्ग खुले आहेत. पडद्यावर हीच गोष्ट ‘परमिशन डिनाइड’ या शब्दांनी उमटते आणि पुढे कंसात लिहिलेले असते: पब्लिक-की, पासवर्ड, कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह. नवखा माणूस ‘डिनाइड’ वाचून खट्टू होतो आणि खिडकी बंद करतो. जाणकाराला हवे होते ते कंसातच मिळालेले असते. पब्लिक-की म्हणजे किल्लीची जोडी, पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द, आणि कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह म्हणजे समोरून जे प्रश्न येतील त्यांची उत्तरे द्यायची; ओटीपी सहसा याच वाटेने येतो.

ओपनएसएसएच ही या पद्धतीची सर्वांत प्रचलित आवृत्ती. तिच्या आज्ञेला ‘पसंतीचा पुरावा नन’ असा पर्याय जोडला, सोबत ‘बॅचमोड’ चालू केला आणि जोडणीसाठी पाच-दहा सेकंदांची मुदत घातली, की चौकशीची स्क्रिप्ट तयार झाली. बॅचमोडचा अर्थ एवढाच की कुणालाही प्रश्न विचारू नकोस, जमले तर कर, नाही तर नकार घेऊन परत ये. साठ यंत्रांवरून साठ नकार परत येतात. प्रत्येक नकारातली यादी आणि त्या दिवसाची तारीख यंत्राच्या नावापुढे लिहिली, की कार्यालयाकडे बहुधा कधीच नसलेला एक तक्ता हाती येतो: आपल्या कोणत्या यंत्राला कोणते दार आहे.

या तक्त्यातली सर्वांत मोलाची ओळ म्हणजे जिथे नकार आलाच नाही ती. रिकाम्या हाताने गेलेल्या स्क्रिप्टला एखाद्या यंत्राने आत घेतले, तर त्या खात्याला पासवर्डच नाही आणि यंत्र तसे चालवूनही घेते आहे. ‘नन’ला होकार आला की स्क्रिप्टने तिथल्या तिथे थांबावे, काही वाचू नये, काही बदलू नये, आणि जबाबदार माणसाला ताबडतोब कळवावे. बॅकअपची तारीख नंतर पाहता येईल.

यादीवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. यादीत ‘पासवर्ड’ आहे म्हणून तुमचा पासवर्ड चालेलच असे नाही, आणि ‘पब्लिक-की’ आहे म्हणून तुमची किल्ली तिथे नोंदलेली आहे असेही नाही. यासाठी ४२५२ मध्ये आणखी एक नेमकी पायरी आहे. किल्लीच्या जोडीतला उघडा अर्धा भाग पुढे करून विचारता येते, ‘ही किल्ली तुझ्याकडे नोंदलेली आहे का?’ होकार आला तरच गुप्त अर्ध्या भागाने सही करायची. शिवाय यादी माणसागणिक बदलू शकते. प्रशासक खात्याला एक यादी आणि साध्या खात्याला दुसरी, कार्यालयाच्या आतून विचारले तर एक आणि बाहेरून विचारले तर वेगळी, असे नियम सर्व्हरवर लावता येतात. म्हणून चौकशी ज्या नावाने आणि ज्या जागेवरून करायची, पुढचे कामही त्याच नावाने आणि त्याच जागेवरून करावे. चांगले सर्व्हर तर अस्तित्वातच नसलेल्या नावालाही इतरांसारखीच यादी देतात, म्हणजे नावे टाकून टाकून कोणते खाते खरे आहे हे चोराला ओळखता येऊ नये.

काही यंत्रे एका पुराव्यावर समाधानी नसतात. आधी किल्ली, मग ओटीपी, दोन्ही हवे. अशा वेळी किल्ली बरोबर असूनही उत्तर ‘नाही’ असेच येते, फक्त त्यासोबत ‘अंशतः मान्य’ अशी खूण असते आणि नवी, छोटी यादी असते. सभासदाच्या बखरीत शिवकालीन गडांची व्यवस्था वर्णिलेली आहे: हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे बरोबरीचे अधिकारी एकाच गडावर नेमायचे, म्हणजे एकट्या माणसाच्या फितुरीने गड जाऊ नये. ‘अंशतः मान्य’मागचा विचार अगदी तोच आहे. ज्या स्क्रिप्टला ही खूण वाचता येत नाही ती चांगली किल्ली फेकून देते आणि उगाच दुसरी शोधत बसते.

आता सगळे प्रकार लावून पाहण्याच्या उपायाकडे परत येऊ. ओपनएसएसएचचा सर्व्हर मूळ मांडणीनुसार एका जोडणीत सहा प्रयत्न मोजतो आणि मग ‘फार चुका झाल्या’ म्हणून जोडणी तोडतो. ज्याच्या जुडग्यात आठ-दहा किल्ल्या आहेत, त्याची खरी किल्ली सातवी असेल तर तिची पाळीच येत नाही. किल्ली योग्य, माणूस योग्य, तरीही दार बंद. त्यापुढे फेल-टू-बॅनसारखी राखण बसवलेली असेल तर ती नोंदवहीत लागोपाठ फसलेले प्रयत्न पाहून तो पत्ताच काही काळ अडवून टाकते. मग तुमची स्क्रिप्टच नव्हे, त्याच पत्त्यावरून काम करणारे सगळेच अडकतात. यावर उपाय म्हणजे या यंत्राला हीच किल्ली, असे आधी ठरवून द्यायचे. ते ठरवायला वरचा तक्ता लागतो.

विंडोजच्या संगणकांवर हेच काम विनआरएम नावाच्या सेवेकडून होते, पोर्ट ५९८५ आणि कुलूपबंद वाटेसाठी ५९८६. तिथेही पुरावा न देता गेले तर ४०१ या क्रमांकाचा नकार येतो आणि त्याच्या मथळ्यात यादी असते: निगोशिएट, केर्बेरोस, कधी बेसिक. ‘बेसिक’ दिसले की सावध व्हावे. त्यात पासवर्ड फक्त वेगळ्या अक्षरांत मांडून पाठवला जातो, लपवला जात नाही. विंडोजने स्वतःच्या सेवेत तो मार्ग मुळात बंद ठेवलेला असतो; चालू दिसला तर कुणी तरी सोयीसाठी चालू केला आहे असे समजावे. आणि स्क्रिप्टने जमेल तो मार्ग धरायचा असे कधीही लिहू नये. मजबूत मार्ग मिळाला नाही तर थांबावे, कळवावे, पण कमकुवत मार्गावर आपणहून उतरू नये. चोराला नेमके तेच हवे असते: मधे बसून चांगला मार्ग यादीतून गायब करायचा, की स्क्रिप्ट मुकाट्याने वाईट मार्गाने येते.

केर्बेरोसची एक अट आपल्याकडच्या कार्यालयांना फार छळते. एमआयटीच्या अथेना प्रकल्पात जन्मलेली ही पद्धत मध्यवर्ती सर्व्हरकडून मुदतीचे तिकीट घेऊन चालते. चोरलेले जुने तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ती दोन्हीकडची घड्याळे तपासते. फरक साधारणपणे पाच मिनिटांच्या आत हवा. जुन्या संगणकात मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. लाइट जाते, यंत्र बंद पडते, पुन्हा सुरू होते ते कित्येक वर्षे मागची तारीख घेऊन. यादीत केर्बेरोस आहे, पासवर्ड बरोबर आहे, तरी प्रवेश नाही. माणसे तासन्‌तास पासवर्ड बदलत बसतात आणि दोष असतो काही रुपयांच्या सेलचा. म्हणून चौकशीच्या तक्त्यात एक रकाना घड्याळाचाही असावा. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांना आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितले आहे आणि नोंदवह्या १८० दिवस जपायलाही सांगितले आहे. यातली पहिली अट पाळली तर ही डोकेदुखी आपोआप जाते.

कोणता पुरावा चालतो, हा प्रश्न फक्त संगणक विभागापुरता नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक रेशन दुकानात तो रोज येतो. पहिला आधार क्रमांक दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. पुढे रेशनच्या ई-पॉस यंत्रावर अंगठा लावून धान्य घेण्याची पद्धत आली, आणि ‘थंब लागत नाही’ हे वाक्य सगळ्या गावांना पाठ झाले. कापूस वेचून, विळा धरून, सिमेंट कालवून झिजलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला वाचता येत नाहीत. अशा वेळी आधारची यंत्रणा नुसते ‘नाही’ म्हणत नाही, क्रमांकासह कारण देते. ३०० म्हणजे बोटाचा ठसा किंवा दुसरे बायोमेट्रिक जुळले नाही. ३३० म्हणजे धारकाने स्वतःच आपले बायोमेट्रिक कुलूपबंद केले आहे. ४०० म्हणजे ओटीपी चुकला. या तीन नकारांवरचे उपाय तीन वेगळे आहेत. पहिल्यात दुसरे बोट, डोळा किंवा ओटीपी. दुसऱ्यात आधी कुलूप काढणे. तिसऱ्यात नवा ओटीपी. कोणत्या बोटाचा ठसा सर्वांत चांगला उमटतो हे आधीच शोधून ठेवण्याची सोयही आधारच्या प्राधिकरणाने केलेली आहे. हे ‘आधी विचारा’चेच रूप. दुकानात मात्र कारण न वाचता ‘उद्या या’ म्हटले जाते तेव्हा यंत्रणेने दिलेली माहिती वाया जाते आणि धान्यासाठी आलेल्या बाईची दिवसभराची मजुरी बुडते. ओळख पटत नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नका, असे केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. पुराव्याचे सगळे मार्ग बंद झाले तरी एक माणसाचा मार्ग खुला हवा, हे त्यामागचे तत्त्व कार्यालयाच्या संगणकांनाही लागू आहे. साठातले एखादे यंत्र कोणताच मार्ग मानत नसेल, तर तिथे माणसानेच जायचे.

आतापर्यंत आपण आपली ओळख देण्याबद्दल बोललो. समोरचे यंत्र खरे आहे का, हे कोण पाहणार? ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएममधून पैसे मागितले की ती विनंती बँकेच्या स्विचकडे जाते आणि तो हो की नाही ते ठरवतो. हल्लेखोरांनी खऱ्या स्विचऐवजी आपला बनावट स्विच मधे घातला आणि त्याने प्रत्येक विनंतीला होकार दिला. काही तासांत २८ देशांतून पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट या बँकांमधल्या संदेश-यंत्रणेमार्फत आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला गेले. एकूण आकडा ९४ कोटींवर पोहोचला. होकार देणाऱ्याची ओळख न तपासता तो मानला, की काय होते हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले.

एसएसएचमध्ये ही तपासणी होस्ट-की करते. पहिल्या भेटीत यंत्राच्या ओळखीचा ठसा नोंदवून ठेवला जातो आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तो ताडून पाहिला जातो. ठसा बदलला की ठळक इशारा येतो आणि काम थांबते. साठ यंत्रांवर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हा इशारा अडचणीचा वाटतो, म्हणून कित्येक जण एका ओळीने ती तपासणीच बंद करून टाकतात. ती ओळ इंटरनेटवरून एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत चिकटत फिरते. तुमच्या कार्यालयाच्या स्क्रिप्टमध्ये ती असेल तर आजच काढा. साठ यंत्रांचे ठसे एकदाच, यंत्रासमोर बसून, पडद्यावर वाचून नोंदवायचे. दोन दिवसांचे काम आहे, आणि ते केल्याशिवाय चौकशीत मिळालेली यादी कुणी दिली हेच तुम्हाला ठाऊक नसते.

एक गोष्ट कायद्याची. रिकाम्या हाताने विचारणे निरुपद्रवी दिसते, पण प्रत्येक चौकशी समोरच्या नोंदवहीत उमटते, आणि परक्या यंत्रावर ती चोराच्या टेहळणीपेक्षा वेगळी दिसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरल्यास भरपाई द्यावी लागू शकते, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ प्रमाणे तो गुन्हा ठरतो; त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून यंत्रांची यादी वरिष्ठांकडून लेखी मंजूर करून घ्या, त्या यादीबाहेरचा एकही पत्ता स्क्रिप्टमध्ये घालू नका आणि चौकशी कधी करणार ते आधी कळवून ठेवा.

ग्रामपंचायत, नगरपालिका, शाळा, पतसंस्था, कुठेही संगणक सांभाळणाऱ्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. नवे काही विकत घेण्याआधी ही चौकशी एकदा करा. ज्या यंत्राच्या उत्तरात ‘पासवर्ड’ दिसेल तिथे आधी किल्ली नोंदवा, ती चालते याची खात्री करा, आणि मगच पासवर्डचा मार्ग बंद करा. हा क्रम उलटा केलात तर तुम्ही स्वतःच बाहेर राहाल.